लोकरीतलं तेल

साखराबाईचं आणि तिच्या सासऱ्याचं वाकडं होतं, आणि हे सगळ्या पिंपळगाव रेणुकाईला ठाऊक होतं. दोघांपैकी एकानंही ते कधी झाकलं नाही. ती चहाचा कप त्याच्यापुढे आपटायची, तो एक घोट घेऊन उरलेला अंगणात भिरकावायचा आणि दारातल्या कुत्र्याला विचारायचा, "काय रे, गूळ संपला का आपल्या घरातला?" सुनेशी तो थेट बोलतच नसे.

धुळाजी धनगर. उंच, वाळका, डोक्याला लाल मुंडासं, कानात सोन्याच्या बाळ्या. मेंढ्यांशी बोलताना त्याचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. माणसांशी बोलायला लागला की दगडावर दगड घासल्यासारखा. बायको फार पूर्वी गेली होती. थोरली लेक गोपिका बदनापूरच्या अलीकडे एका वस्तीवर दिलेली. धाकटा इंद्रभान, साखराबाईचा नवरा, दोन पोरींचा बाप. त्याला मेंढ्यांमागे रानोमाळ फिरायचं नव्हतं. तो जालन्याला कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका कारखान्यात लागला, ते बापानं कधी पोटात घातलं नाही.

वाकडं यायचं कारण मात्र वेगळं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला साखराबाईचा भाऊ तिला न्यायला आला होता. दिवस लोकर कातरणीचे होते. धुळाजीनं त्याला दारातूनच परत लावलं. "कातरणी झाली की धाडतो, लोकर झाडायला माणूस लागतं," म्हणाला. भावानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आई अंथरुणाला खिळली आहे, पोरीचा जप करते आहे. धुळाजीनं ते ऐकून घेतलं आणि सुनेला एका शब्दानं सांगितलं नाही. कातरणी उरकली, तिला धाडलं. ती माहेरी पोचली तेव्हा आईचा तेरावाही होऊन गेला होता.

ती परत आली, रडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून तिनं फक्त सासऱ्याच्या ताटात वाढताना भाकरी हातातून ठेवणं बंद केलं. लांबून टाकायची.

अठ्ठ्याऐंशी साली जालन्यातला तो कारखाना बंद पडला. इंद्रभान गावी आला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन निळे प्लास्टिकचे ड्रम आणि धुण्याच्या सोड्याची पोती घालून. ड्रमांत काळपट, काकवीसारखं घट्ट काहीतरी होतं. झाकण उघडलं की नाकात गंधकासारखं झोंबायचं. कारखान्यात त्याला ॲसिड स्लरी म्हणत.

"सल्फोनिक ॲसिड हाय ते," इंद्रभाननं बायकोला सांगितलं. हा शब्द तो छाती काढून उच्चारायचा. "खनिज तेल घ्यायचं, त्याच्यावर गंधकाचं तेजाब चढवायचं. मंग हे व्हतं. नुसतं हाताला लागलं तर कातडी सोलून काढील. पन सोड्यात कालवलं की थंड पडतं, आन् त्याची पावडर व्हती."

"आन् इकनार कुठं?"

"आपल्या पान्यात साबण फुटतो का न्हाई? चुना हाय पान्यात. साबण त्या चुन्याला धरतो, त्याचा चोथा व्हतो आन् तो कपड्यालाच चिकटतो. याला चुना धरत न्हाई. खाऱ्या पान्यातबी फेस. बायका रांगा लावतील."

जागा हवी होती. मेंढवाड्याचा अर्धा भाग त्या दिवसांत रिकामा होता. इंद्रभाननं तिथं फरश्या टाकल्या. सोडा पसरायचा, मधे आळं करायचं, त्यात मगानं काळी स्लरी ओतायची. फस्सकन फेस चढायचा, ढीग तापायचा, वाफ निघायची, आणि फावड्यानं वरखाली करताना डोळ्यांतून पाणी वाहायचं. मग ते थंड होऊ द्यायचं, गुठळ्या फोडायच्या, चाळायचं, मीठ आणि वास मिसळायचा. एखाद्या वेळी स्लरी जास्त झाली, नीट मुरली नाही, की ती पावडर हात चावायची. साखराबाईच्या बोटांची सालं निघायला लागली. तिनं तक्रार केली नाही. आपल्या हातानं काहीतरी करून चार लोकांत विकायचं, हे तिला आवडायला लागलं होतं.

धुळाजी चार दिवसांनी मेंढ्या घेऊन चरणीवरून आला. वाड्यात पाय टाकला आणि थांबला. मेंढ्याही थांबल्या. पुढची मेंढी नाक वर करून फुरफुरली आणि उलटी फिरली.

"हे काय करून राह्यला तू माह्या वाड्यात?"

"धंदा," इंद्रभान म्हणाला.

"मेंढ्यांच्या जागी?"

"अर्धी जागा मोकळीच होती बा."

धुळाजीनं ड्रमाचं झाकण काठीनं ढकललं, आत वाकून बघितलं आणि तिथंच थुंकला. "तेजाबात हात घालून पोट भरायची पाळी धनगराच्या घरावर कव्हा आल्ती?"

"मेंढ्यांच्या लेंड्यांत हात घालून भरलं की चालतं व्हय?" हे साखराबाई बोलली. इंद्रभाननं मान खाली घातली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसला. धुळाजीनं ते हसू बघितलं. त्यानं मेंढ्या वळवल्या आणि गावाबाहेर माळावर काट्यांचं कुंपण करून तिथंच बसवल्या. पुढे तो घरी फक्त जेवायला यायचा.

पावडर चालली. लोक तिला इंद्राची पावडर म्हणायचे. मिरचीच्या बाजारात तिखटाच्या पोत्यांत दिवसभर बसलेल्या बायकांचे कपडे निघायचे, बैलगाडीच्या वंगणाचे डाग निघायचे. बाजारच्या दिवशी इंद्रभान परातीत पाणी घेऊन बसायचा, त्यावर गोडंतेल सोडायचा आणि चिमूटभर पावडर टाकायचा. तेलाचा तवंग फाटून पळायचा. "याच्या कणाला डोकं आन् शेपूट असतंय," तो गर्दीला सांगायचा. "शेपूट तेलात रुततं, डोकं पान्याकडं ओढ घेतं. तेल पान्यात वढून नेतं बराबर. घासायची गरज न्हाई!" लोक माना डोलवायचे.

धुळाजी दुसऱ्या टोकाला उभा राहून सांगायचा, "कापड कुजतं त्यानं. पोराच्या अंगाला लावू नका." पाटलांच्या ओसरीवर, रेणुकामातेच्या पारावर, जाईल तिथं तो हेच सांगायचा. दोन-चार घरांचं गिऱ्हाईक तुटलं. एका बाईनं पाकिटं परत आणून साखराबाईच्या पुढ्यात टाकली. "तुमचाच सासरा म्हनून राह्यला, मंग आमी कसं इस्वास ठेवायचा?"

त्या दिवशी साखराबाईनं मनात गाठ मारली.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर धुवायला काढायची रीत. देवीच्या गावात ती आणखीच कडक. त्या दिवशी डोहाच्या काठानं अख्ख्या गावच्या बायका पसरलेल्या असतात. गोधड्या, वाकळा, पडदे, पोत्याची बारदानं. साखराबाईनं सकाळीच माळावर जाऊन कुंपणावर टाकलेली सासऱ्याची घोंगडी उचलली. धुळाजी मेंढ्या घेऊन शेताच्या बांधाला लागला होता.

ती घोंगडी काळीभोर, जाड, हात लावला तर किंचित चिकट. मेंढ्यांचा, धुराचा, तंबाखूचा आणि म्हाताऱ्याच्या अंगाचा वास त्यात मुरलेला. धुळाजीनं स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची ती स्वतः मागावर विणली होती. तिला कधी पाणी लावलं नव्हतं. उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, एवढंच.

साखराबाईनं काठावर तीन दगड मांडले, कढईत पाणी उकळलं, पावडर ओंजळीनं टाकली आणि घोंगडी त्यात दाबली. काठीनं ढवळलं. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग गटारासारखं काळं, आणि वर मळकट फेसाचा थर आला. तिनं ते पाणी ओतलं, पुन्हा उकळतं घेतलं, पुन्हा पावडर घातली.

"या गं, बघा!" तिनं हाक मारली. "कापड कुजतं म्हनून सांगत फिरतंय ना म्हातारं? बघा काय अंगावर घेऊन निजतंय ते!"

बायका जमल्या. कुणी नाकाला पदर लावला, कुणी खळखळून हसलं. "अगं बाई, एवढ्या घाणीत वांगी पिकतील की!" एकीनं म्हटलं, आणि हशा डोहाच्या पलीकडे गेला. साखराबाई हसत नव्हती. तिला त्या दिवशी जेवढं सुख झालं तेवढं लग्नानंतर कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात उतारावरून मेंढ्या पाण्यावर आल्या, आणि त्यांच्या मागून धुळाजी.

त्यानं आधी ओळखलंच नाही. मग काठी टाकून तो पाण्यात शिरला, घोंगडीचं एक टोक हातात धरलं, अंगठ्यानं चोळून बघितलं. त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला.

"जीव काढला तू तिचा," तो म्हणाला. पहिल्यांदाच थेट तिच्याशी.

"घाण काढली," साखराबाई म्हणाली. "देवीचे घट बसायलेत. घरात असली घाण नको."

"तुला कळत न्हाई. तुला काही कळत न्हाई."

"मला लई कळतं. कातरणी झाल्याबिगर माणसानं मरू नये, हेबी मला तुमीच शिकवलं."

बायकांचं हसणं थांबलं. धुळाजीनं ओली घोंगडी खांद्यावर घेतली. पाठीवरून पाणी निथळत होतं. तो उतार चढून गेला, आणि मेंढ्या पाणी न पिताच त्याच्या मागे गेल्या.

संध्याकाळी इंद्रभान भोकरदनच्या बाजारातून आला. घोंगडी माळावरच्या कुंपणावर वाळत होती. येताना त्यानं तिला हात लावून बघितला. घरी येऊन विचारलं, "कशात धुतली?"

"तुमच्याच पावडरीत. उकळत्या पान्यात."

त्यानं बोटं एकमेकांवर चोळून बघितली. मग म्हणाला, "चांगली निघाली," आणि हातपाय धुवायला गेला.

दसरा झाला आणि धुळाजी मेंढ्या घेऊन निघाला. दर साली तो दक्षिणेला बदनापूरकडे उतरायचा. तिकडच्या काळ्या रानात शेतकरी खतासाठी रात्रीच्या मेंढ्या बसवून घ्यायचे, त्याचं धान्य द्यायचे. निघताना त्यानं घरात डोकावलं नाही. घोंगडी खांद्यावर होती. घरात दुसरी नव्हती. नवी विणायची तर पुढच्या कातरणीची वाट बघावी लागली असती.

मार्गशीर्षात आभाळ फाटलं. त्या दिवसांत पाऊस यायचं काही कारण नव्हतं. पिंपळगावात नुसता शिडकावा झाला, मिरचीचं थोडं नुकसान झालं, लोक चार दिवस हळहळले. साखराबाईच्या मनात सासऱ्याचा विचारही आला नाही.

आठवड्यानं गोपिका आली. एसटीतून उतरून ती तरातरा घराकडे आली, पिशवी ओट्यावर टाकली आणि साखराबाईच्या समोर उभी राहिली. ती नणंद असूनही कधी मोठ्यानं बोलणारी नव्हती. आज बोलली.

"समाधान झालं का वहिनी?"

"काय झालं अक्का?"

"बा माह्या घरी पडलाय. छातीत कफ भरलाय. बदनापूरच्या डाक्टरनं सुया टोचल्या, न्हाईतर गेल्ताच. रातभर पाऊस आन् वारा, उघड्या रानात. व्यायलेल्या मेंढ्या होत्या. दर साली पिलं कशी घोंगडीखाली घेतो तो, तुला ठाऊक हाय ना? घेतली. आन् ती घोंगडी पानी पीत गेली. फडक्यासारखी. पान्याची धार आत. सकाळी लोकांनी उचलली तर दोघांना उचलंना. खाली दोन पिलं गार पडलेली, आन् बा त्यांना पोटाशी धरून."

साखराबाईच्या हातातली चाळणी तशीच राहिली. मग तिचा नेहमीचा ताठा परत आला. "म्या काय पाऊस पाडला का?"

"घोंगडीतलं तेल काढलं तू! बा तेच म्हनून राह्यला."

"लोकरीत कुठं तेल असतं? म्हाताऱ्याला मला नावं ठेवायला निमित्त पायजे."

गोपिकानं भावाकडे बघितलं. साखराबाईनंही बघितलं. इंद्रभान सोड्याच्या पोत्याला टेकून उभा होता. बाजारात परात घेऊन बसणारा, डोकं आन् शेपूट सांगणारा माणूस. तो जमिनीकडे बघत होता.

"सांगा की अक्काला," साखराबाई म्हणाली. "लोकरीत तेल असतं का?"

इंद्रभाननं पोत्याची सुटलेली सुतळी ओढून बांधली.

ती उठली. आढ्याला गेल्या कातरणीतली उरलीसुरली, न धुतलेली मूठभर लोकर टांगली होती. त्यातला एक पुंजका तिनं तोडला, तळहातावर धरला आणि तांब्यात बोटं बुडवून वर पाणी शिंपडलं. थेंब लोकरीवर गोल उभे राहिले, हात कलता केला तसे घरंगळून खाली पडले. मग तिनं अर्धा पुंजका वाटीत घेतला, चुलीवरचं गरम पाणी ओतलं, पावडर टाकली, चोळला, पिळला, निखाऱ्यांपाशी धरून वाळवला. गोपिका आणि इंद्रभान नुसते बघत होते. पुंजका मोकळा, हलका, कोरडा झाला. तिनं त्यावर पाणी टाकलं. थेंब पडला तसा आत गेला.

तिनं पुन्हा एक थेंब टाकला. तोही गेला.

"तुमाला ठाऊक होतं," ती इंद्रभानला म्हणाली.

"कारखान्यातला केमिस्ट सांगायचा," तो हळू म्हणाला. "लोकरीच्या गिरण्यांत माल जायचा आपला. मेंढीच्या अंगाचं तेल काढायलाच."

"तव्हा, त्या सांजच्याला, तुमी हात लावून बघितला. तुमाला कळलं."

"कळलं."

"मंग तोंड का शिवलं होतं? दसऱ्याला पंधरा दिवस होते. दुसरी घेता आली असती कुठूनबी. मेणकापड देता आलं असतं."

इंद्रभाननं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत लाज होती, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते साखराबाईनं आरशात कैकदा बघितलेलं होतं. "मलाबी वाटलं," तो म्हणाला, "भिजू दे एकदा म्हाताऱ्याला. जन्मभर मला नालायक म्हणत आला. मरंल असं न्हाई वाटलं. भिजू दे, एवढंच."

गोपिकानं पदर तोंडाला लावला. साखराबाई उभी राहिली. तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. ती सासऱ्याशी आठ वर्षं भांडत आली होती ते उजेडात, लोकांसमोर, स्वतःच्या तोंडानं. नवऱ्यानं तिचाच हात वापरला होता आणि स्वतः हातपाय धुवून जेवायला बसला होता.

"हे ड्रम वाड्यातून बाहेर काढा," ती म्हणाली.

"अगं, धंदा..."

"धंदा कुठंबी करा. वाड्यात न्हाई. म्या येईस्तोवर वाडा मोकळा पायजे, बिलकुल मोकळा. न्हाईतर म्या स्वतः लोटून देते रस्त्यावर. आन् पोरी तुमच्याकडं हाईत. भाकरी थापता येते तुमाला."

ती त्याच दिवशी गोपिकाबरोबर एसटीत बसली.

धुळाजी पडवीत बाजेवर होता. गाल आत गेलेले, छाती भात्यासारखी वरखाली. मुंडासं उशाला. बाजेखाली ती घोंगडी घडी घालून ठेवलेली. साखराबाईला बघताच त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"हिला कामून आणलं?" तो भिंतीला म्हणाला.

"म्या माह्या पायानं आले," साखराबाई म्हणाली. ती खाली बसली नाही. "एक सांगायचं होतं. लोकरीत तेल असतं हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर धुतली नसती?"

तिनं विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि गोपिका दारात उभी राहून तिनं तेच बोलावं म्हणून डोळ्यांनी विनवत होती.

"धुतली असती," साखराबाई म्हणाली. "तुमाला चार बायकांत खाली बघायला लावायचं होतं मला. पन पिलं तिच्याखाली निजतात हे त्या येळी ध्यानात असतं, तर न्हाई."

म्हातारा खोकला. बराच वेळ खोकला. गोपिकानं पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यानं तो हातानं बाजूला सारला.

"दोन्ही माद्या होत्या," तो म्हणाला.

तिनं बाजेखालच्या घोंगडीकडे बघितलं. मग म्हणाली, "माह्या मायचं ठाऊक होतं तुमाला. भावानं सांगितलं होतं."

"व्हय."

"मंग?"

"कातरणी अर्धी राह्यली होती," धुळाजी म्हणाला. "वाटलं, म्हातारी चार-आठ दिवस काढील. बायका काढतात." तो थांबला. चूक झाली असं तो म्हणाला नाही. तसं म्हणायची त्याच्या तोंडाला सवयच नव्हती. "जा आता. त्या घोंगडीला घेऊन जा माह्या नजरेसमोरून."

तिनं घोंगडी उचलली. बाहेर आली तर गोपिकाचा नवरा गोठ्यापाशी कुरकुरत उभा होता. म्हाताऱ्याच्या मेंढ्या त्याच्या तुरीत शिरत होत्या, राखायला माणूस नव्हतं, कुत्रीही दमलेली, आणि शेजारचा शेतकरी रोज दारात येऊन शिव्या घालत होता. "सासऱ्याचं दवापानी म्या करीन," तो म्हणाला, "पन हे लटांबर माह्याच्यानं व्हनार न्हाई. खाटकाला बोलावून राह्यलोय उद्या."

साखराबाई लहानपणी बापाच्या मेंढ्यांमागे फिरलेली होती. लग्नानंतर तिनं त्या कामाला हात लावला नव्हता, मुद्दाम लावला नव्हता. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पडवीच्या कोपऱ्यातली म्हाताऱ्याची काठी घेतली.

"माह्या मेंढ्यांना हात लावू नको!" आतून आवाज आला. बाज करकरली, तो उठायची धडपड करत होता. "ए! तुला सांगून राह्यलो! माह्या मेंढ्यांना..."

"निजा गुमान!" ती ओरडली. "खाटकाला द्यायच्या हाईत का?"

त्यावर तो आणखी काही ओरडला, पण खोकल्यानं शब्द मोडले. तिनं जिभेनं टाळ्याला टकटक केली, धनगर करतात तशी. मेंढ्यांनी माना वर केल्या. आधी हलल्या नाहीत; मग पुढची मेंढी तिच्या काठीकडे बघून चालायला लागली आणि बाकीच्या मागे आल्या.

बदनापूरहून पिंपळगावपर्यंत ती एकटी मेंढ्या हाकत आली. कुणाच्या रानात बसवायची परवानगी मिळाली, कुणी हाकलून दिलं. एका गावात पोरांनी दगड मारले, दुसऱ्या गावात एका बाईनं भाकरी आणि ठेचा दिला. तिच्या चपला तुटल्या. ती म्हाताऱ्याला शिव्या देत चालली, नवऱ्याला शिव्या देत चालली, आणि रात्री लंगडणाऱ्या मेंढीचा पाय मांडीवर घेऊन काटा काढत बसली तेव्हा मेंढीलाही शिव्या दिल्या. धुतलेली घोंगडी तिनं स्वतःच पांघरली. ती दवानंसुद्धा जड व्हायची. पहाटे तिचे दात वाजायचे, आणि मग तिला त्या दोन पिलांची आठवण यायची.

गावात शिरली तेव्हा वाडा मोकळा होता. फरश्या धुतलेल्या, तरी मेंढ्या आधी आत जाईनात. तिनं माळावरची माती आणि वाळक्या लेंड्या घमेल्यानं आणून पसरल्या, तेव्हा गेल्या. इंद्रभाननं ड्रम गावाबाहेर बस थांब्यामागच्या पत्र्याच्या शेडात नेले होते. पावडर तो पुढेही करत राहिला, आणि ती चालतही राहिली. कपडे तिनं निघायचे, यात काही खोटं नव्हतं. पण साखराबाईनं पुन्हा कधी त्या फावड्याला हात लावला नाही. नवऱ्याशी ती बोलायची, लागेल तेवढंच. तो कधी हसून जवळ आला तर म्हणायची, "तुमच्यापरीस म्हातारं बरं. तोंडावर तरी बोलतं."

फाल्गुनात धुळाजीला चालता यायला लागलं आणि गोपिकाच्या नवऱ्यानं त्याला एसटीत बसवून दिलं. थांब्यावर उतरून तो काठी टेकत आला. घराकडे वळला नाही, सरळ वाड्यात गेला. साखराबाई दावणीपाशी कोकराला दूध पाजत होती. ती उठली नाही.

म्हातारा एकेका मेंढीपाशी थांबला. पाठीवर हात फिरवला, तोंड उघडून दात बघितले, कान उलटे करून गोचिडं बघितली. एका मेंढीचा मागचा पाय उचलून त्यानं खूर दाबला.

"हिचा खूर कुजून राह्यलाय. दिसत न्हाई का?" तो म्हणाला. कुत्र्याला नाही, तिला.

"दिसतं. मोरचूद लावून राह्यले चार दिवस झाले. नीट बघा, डोळे फुटले का?"

"मोरचूद पातळ केलं असशील. असंच करतात येड्या बायका."

"मंग तुमी लावा ना! बसा खाली आन् लावा!"

तो बसला. गुडघे कडकडले. त्यानं मेंढीचा पाय मांडीवर ओढला आणि न बघता हात बाजूला पसरला. साखराबाईनं मोरचुदाची वाटी त्याच्या हाताजवळ सरकवली, पायानं. त्यानं ती उचलली, वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"पातळच केलंय," तो म्हणाला, आणि लावायला लागला.